हातभर पुढे

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच शेजारच्या काकांनी दार वाजवले आणि गाडी हातभर पुढे घेतेस का, असे विचारले. त्यांच्याकडे नवे कपाट यायचे होते, टेम्पो फाटकाशी येऊन थांबला होता आणि माझ्या गाडीचे मागचे टोक नेमके त्याच्या वाटेत येत होते. मी किल्ली घेतली, गाडी सुरू केली आणि हातभर पुढे न घेता सरळ रस्त्याला लागले. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा कपाट घरात गेले होते, टेम्पो निघून गेला होता आणि काका फाटकापाशीच उभे होते. "रागावलीस का ग?" त्यांनी विचारले. मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि मी घाईघाईने सांगू लागले की ही गाडी थंड असताना सुरू केली तर लगेच बंद करायची नसते, इंजिन पुरते गरम होईपर्यंत चालवावी लागते, म्हणून फेरी मारून आले. "म्हणजे बिघडली आहे," काका म्हणाले. "बिघडलेली नाही हो, तिची तशी खोड आहे." त्यांनी एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "खोड म्हणजे काय ग शेवटी, दुरुस्त न केलेला बिघाडच की." असे म्हणून ते कपाट कुठे ठेवायचे ते पाहायला आत गेले.

ते वाक्य त्यांनी सहज टाकले होते. मी मात्र ते गेला महिनाभर घेऊन फिरते आहे.

माझी गाडी म्हणजे माझदा या जपानी कंपनीची आरएक्स-८, रोटरी म्हणजे फिरत्या इंजिनाची. तिच्या पुढच्या झाकणाखाली पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. शेंगेसारख्या, कमरेत किंचित आवळलेल्या एका पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरेल तसे ते लहान-मोठे होतात आणि हवा घेणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे हे सगळे त्यांतच उरकते. त्रिकोणाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मधला दांडा तीन फेरे घेतो. दोन्ही त्रिकोण मिळून क्षमता १३०८ सीसी, म्हणजे एखाद्या साध्या घरगुती गाडीएवढीच. पण काहीही वर-खाली आदळत नसल्याने ते इंजिन ज्या तऱ्हेने चढत जाते त्याला 'गुळगुळीत' हा शब्द अपुरा आहे. शिलाईचे यंत्र रिकामे चालवल्यावर जी अखंड घरघर येते, तिच्यातली खडखड काढून टाकली तर जे उरेल, तसा काहीसा तो आवाज. आरपीएमचा काटा नऊ हजारांकडे निघतो आणि तिथे पोचण्याच्या थोडे आधी एक बारीक पीप वाजतो, कारण त्या आवाजात आपण कुठवर आलो आहोत याचे भानच राहत नाही. पहिल्यांदा तो पीप ऐकला तेव्हा मी सीटबेल्ट तपासला होता.

याच इंजिनाला थंड असताना लगेच बंद होणे सोसत नाही. गार असताना त्यात पेट्रोल सढळ हाताने सोडले जाते. गरम होण्याआधीच किल्ली फिरवून बंद केले तर न जळलेले पेट्रोल आतच राहते, त्रिकोणाच्या टोकांशी असलेल्या पट्ट्यांवरचा तेलाचा पातळ थर धुऊन निघतो, कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यातला दाब, पडते आणि पुढच्या वेळी कितीही सेल्फ मारला तरी इंजिन उठत नाही. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा, म्हणजे पेट्रोल येणे थांबते आणि आतले ओले बाहेर फेकले जाते, असे उपाय रोटरीवाल्यांना पाठ असतात. मला ते करून पाहण्याची वेळ आलेली नाही. आलेली नाही, कारण मी गाडी हातभर पुढे घेतच नाही. धुवायला काढली तरी आधी फेरी, कोणाला वाट द्यायची असली तरी आधी फेरी. गाडीची खोड असते, तशी ही आता माझी खोड झाली आहे.

ती मला शिकवली आधीच्या मालकांनी. ते निवृत्त गृहस्थ होते, मोजके बोलणारे. व्यवहार झाला तेव्हा त्यांनी दोन किल्ल्या दिल्या, कागदपत्रे दिली आणि शेवटी, देऊ की नको असे करत, एक लांबट वही दिली. तिच्यात आखलेले रकाने होते: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल. ऑइलचा रकाना जवळजवळ दर दुसऱ्या ओळीला भरलेला. मी बावचळले, कारण ऑइल खाणारे इंजिन म्हणजे संपत आलेले इंजिन एवढे मलाही ठाऊक होते. त्यांनी शांतपणे समजावले की हे इंजिन ऑइल खात नाही, त्याला ते भरवावे लागते. एक छोटा पंप मुद्दामच थेंब थेंब तेल त्या पोकळीत सोडत असतो, टोकांच्या पट्ट्या त्यावरच सरकतात आणि ते तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. ते संपले पाहिजे, तीच त्याची रचना. "ज्या दिवशी ऑइल कमी होणार नाही, त्या दिवशी काळजी करा," असे म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: गरम झाल्याशिवाय बंद करू नका, आणि अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर पार वरपर्यंत ओरडू द्या, नाहीतर आत काजळी धरते. गाडीचे मालक बोलत आहेत की लेकीला सासरी पाठवणारा बाप, असे मला तेव्हा गमतीने वाटले होते.

तेव्हापासून दर दुसऱ्या टाकीला मी पुढचे झाकण उघडून डिपस्टिक काढते. ती पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची आणि उजेडाकडे तिरकी धरून तेलाची रेघ पाहायची. जुन्या फडक्याचा तो वास, बोटांच्या पेरांत उरणारा तेलाचा चिकटपणा आणि बाजूला उभ्या असलेल्या कोणाच्या तरी डोळ्यांतली कीव, हे सगळे ठरलेले असते. पेट्रोल भरताना झाकण उघडून उभ्या असलेल्या बाईला मदत हवी आहे, असे गृहीत धरणारे पुरुष संख्येने बरेच असतात. पूर्वी मी त्यांना रोटरी समजावून सांगत असे. आता नुसती हसते. मात्र त्यांच्यापैकी एखादा मागच्या दाराशी थबकतो आणि त्याला मूठच सापडत नाही, तेव्हा मला बरे वाटते. या गाडीची मागची छोटी दारे पुढचे दार उघडल्याशिवाय उघडत नाहीत, आणि उघडतात तीही उलटी, कपाटाच्या दुसऱ्या फळीसारखी.

या गाडीच्या कंपनीचा इतिहास मी आधी वाचला तो कौतुकाने. काकांच्या वाक्यानंतर तोच पुन्हा वाचला तो जरा वकिलासारखा, आपल्या बाजूचा पुरावा शोधत. सुरुवातीला त्यात मोटारीचा पत्ताच नाही. १९२० साली हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' या नावाने जो कारखाना निघाला तो बुचाच्या लाकडाचा. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा यांनी त्याची सूत्रे घेतली. काही वर्षांनी नावातला कॉर्क गेला, यंत्रसामग्री आली आणि १९३१ साली तीनचाकी मालवाहू गाडी बाहेर पडली. तिच्यावर 'माझदा' हे नाव होते. जपानी भाषेत कंपनीचा उच्चार आजही 'मात्सुदा' असाच होतो, पण लिहिताना त्यांनी पारशी धर्मातल्या अहुर मज्दाचा आधार घेतला. अवेस्तेतला 'मज्दा' आणि आपली 'मेधा' ही एकाच मुळाची भावंडे, आणि तो 'अहुर' म्हणजे आपला 'असुर'. आपल्याकडे जो असुर खलनायक झाला, तो तिकडे प्रज्ञेचा देव. हे कळल्यापासून गाडीच्या नाकावरच्या चिन्हाकडे पाहताना मला उगाचच वाटते की एकच गोष्ट एका घरात दोष आणि दुसऱ्या घरात दैवत ठरते, हा वाद आमच्या फाटकापाशी सुरू झालेला नाही.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता.

कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर, आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी. त्या टेकडीमुळे इमारती पुष्कळशा वाचल्या. शहर नाहीसे झाले तेव्हा प्रांताचे सरकारी कार्यालय काही काळ याच कारखान्याच्या जागेतून चालले आणि वर्ष संपण्याआधी, डिसेंबरमध्ये, तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. या प्रसंगाचे वर्णन नेहमी जिद्दीची कहाणी म्हणून केले जाते. मला मात्र त्यातली टेकडी विसरता येत नाही. जिद्द होतीच, पण तिच्या आधी मातीचा एक उंचवटा होता आणि तो कोणीच बांधलेला नव्हता.

पुढे १९६० साली आर३६० ही त्यांची पहिली छोटी प्रवासी गाडी आली, आणि त्याच सुमारास जपानी सरकार मोटार कंपन्यांची संख्या कमी करण्याच्या, लहानांना मोठ्यांत मिसळून टाकण्याच्या गोष्टी बोलू लागले. कंपनी आता जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी यांच्या हाती होती. आपल्यापाशी इतर कोणाकडे नाही असे काही असल्याशिवाय आपण उरणार नाही, हे त्यांनी ताडले आणि १९६१ साली जर्मनीतल्या एनएसयू कंपनीशी करार करून फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या फिरत्या इंजिनाचा परवाना घेतला. परवाना घेतला, पण इंजिन तयार नव्हते. ते पांढरा धूर ओकत असे, तेल बेसुमार पीत असे आणि काही तास चालवून उघडले की पोकळीच्या आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे उठलेले दिसत. त्रिकोणाच्या टोकांच्या पट्ट्या थरथरत आणि चकाकत्या भिंतीला नखे लावत. कारखान्यातल्या लोकांनी त्यांना नावच दिले: सैतानाच्या नखांचे ओरखडे. १९६३ साली केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंते एकत्र बसवले गेले आणि जपानमधल्या प्रसिद्ध कथेतल्या सत्तेचाळीस सामुराईंच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या कथेचा शेवट सुखाचा नाही, हे टोपणनाव देणाऱ्याच्या ध्यानात होते की नाही कोण जाणे. त्यांनी पट्टीला आडवी-उभी भोके पाडून तिची थरथर बदलून पाहिली. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी टिकली. ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली, दोन त्रिकोणांचे इंजिन घेतलेली, लांब, सपाट, आजही चित्रातून उडून जाईल अशी दिसणारी गाडी.

मी इथवर वाचले आणि मनात म्हटले, काका, पाहा, बिघाड होता आणि तो दुरुस्त केला. पण लगेच पुढचे पान आडवे आले. ओरखडे गेले, पण तेल पिणे कुठे गेले? ते जाणारच नव्हते. त्या सत्तेचाळीस जणांनी धूर कमी केला, तहान आटोक्यात आणली, आणि जे उरले त्याला त्यांनी रचना म्हटले. जो भाग दुरुस्त झाला तो बिघाड, आणि जो झाला नाही ती खोड. काकांची व्याख्या नेमकी हीच होती.

एनएसयूने आपली आरओ ८० ही देखणी गाडी त्याच वर्षी आणली आणि तिच्या इंजिनाच्या तक्रारी भागवता भागवता ती कंपनीच मेटाकुटीला आली. १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या कुटुंबात विलीन झाली. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीनेही रोटरीचा घाट घालून तो सोडून दिला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाकडे ग्राहक वळेनात आणि माझदाच्या न विकलेल्या गाड्या साचत गेल्या. कंपनी बुडण्याच्या बेताला आली तेव्हा सुमितोमो बँकेने तिला सावरले. कामगारांना कमी न करता हजारो जणांना वितरकांकडे गाड्या विकायला पाठवले गेले. यंत्राशी बोलणारी माणसे दारोदार गिऱ्हाइकांशी बोलू लागली. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. आपण बनवलेल्या वस्तूची बाजू अनोळखी दारात उभे राहून मांडणे काय असते, याचा अगदी बारीकसा अंश मी डिपस्टिक हातात धरून अनुभवलेला आहे. ही माणसे परक्या दारात जेव्हा 'गाडी पेट्रोल फार खाते' असे ऐकत असतील, तेव्हा काय म्हणत असतील?

त्या संकटानंतर कोणत्याही शहाण्या माणसाने रोटरी गुंडाळून ठेवली असती. त्यांनी इंधनाची भूक कमी करायचे काम हाती घेतले आणि १९७८ साली आरएक्स-७ आणली. पुढच्या वर्षी फोर्डने कंपनीचा सुमारे चौथा हिस्सा घेतला. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. आणि मग जून १९९१ मधली ले माँची शर्यत आली. चोवीस तास चालणाऱ्या त्या शर्यतीत ५५ क्रमांकाची, नारिंगी-हिरवी, चार त्रिकोणांचे इंजिन असलेली माझदाची ७८७बी पहिली आली. जपानी कंपनीने ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि दुसरी वेळ यायला २०१८ साल उजाडावे लागले. जॉनी हर्बर्ट शेवटचे तास सलग चालवून इतके शोषले गेले की विजेत्यांच्या चौथऱ्यावर ते उभेच राहू शकले नाहीत. फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो हे त्यांचे दोन साथीदारच वर गेले. ही शर्यत जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली, असे रोटरीवाले मोठ्या अभिमानाने सांगतात. मीही कैक वर्षे सांगत होते. खरे पाहता इंजिनांचे नियम बदलायचे आधीच ठरलेले होते. पण आपल्या लाडक्याला जग घाबरले, या कल्पनेत जे सुख आहे ते नियमावलीत नाही.

माझ्या गाडीच्या इंजिनाला २००३ साली जगातले त्या वर्षीचे सर्वोत्तम इंजिन म्हणून पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली तिचे उत्पादन थांबले. धुराचे नियम कडक होत गेले, आणि जाणूनबुजून तेल जाळणाऱ्या यंत्राला त्यांत जागा उरली नाही. त्यावर रुसण्यात अर्थ नाही. मी स्वतः सिग्नलला थांबले असताना, मागे पदपथावर दप्तर घेऊन उभी असलेली मुले आरशात दिसतात, आणि ज्याला मी लाडाने भरवणे म्हणते ते त्यांच्या नाकातोंडात जात असते. हा विचार आला की मी काच खाली करते, जणू मीही ते हुंगले की वाटणी बरोबरीची होईल. २०२३ पासून कंपनीने एमएक्स-३० या गाडीच्या एका प्रकारात एकाच त्रिकोणाचे ८३० सीसीचे इंजिन पुन्हा बसवले आहे, पण ते चाके फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज करते. पार वरपर्यंत ओरडण्याची त्याला गरजच नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो निवृत्तीनंतर पुन्हा कारकुनीवर घेतलेल्या माणसाला पाहून होतो तेवढा.

मध्यंतरी मी ती वही पुन्हा काढली. काकांना दाखवावी, असे मनात होते. पहा, इतकी वर्षे एका माणसाने एवढे लिहिले, बिघडलेल्या गोष्टीसाठी कोणी असे करील का, असे काहीतरी. ती चाळताना पूर्वी न जाणवलेली एक गोष्ट दिसली. मध्येच तीन-साडेतीन महिने अक्षर वेगळे आहे. रकाने तेच, पण आकडे गोल, सुटे सुटे, आणि पेट्रोलचा रकाना बहुतेक रिकामा. किलोमीटर प्रत्येक नोंदीला दहा-बारानेच वाढलेले. म्हणजे कोणीतरी गाडी आठवड्यातून एकदा नुसती फिरवून आणत होते, गरम होईपर्यंत, आणि घरी येऊन ते लिहीत होते. त्या साऱ्या महिन्यांत एकदाच ऑइल घातल्याची नोंद आहे, आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात लिहिले आहे: 'विचारून घातले.' त्यानंतर पुन्हा पहिले अक्षर सुरू होते, किंचित थरथरते. त्या गृहस्थांना काय झाले होते, फेऱ्या कोण मारत होते, आणि कोणत्या खोलीतून कोणाला विचारून ते तेल घातले गेले, हे मी विचारले नव्हते, कारण तेव्हा मी ऑइलचाच रकाना पाहत होते. वही काकांना दाखवायचे मी रद्द केले. ती वादात वापरण्याची गोष्ट नव्हती.

परवा काकांचे जुने कपाट न्यायला टेम्पो यायचा होता. या वेळी ते आदल्या रात्रीच येऊन सांगून गेले, सकाळी दहाला, म्हणजे तुला तुझी प्रदक्षिणा घालायला वेळ मिळेल. सकाळी मी किल्ली घेऊन बाहेर आले तर ते पायांत चपला घालून गाडीपाशी उभे. "चल, मीही येतो. पाहू तर खरे." ते पुढे बसले आणि त्यांनी हातातली पिशवी मांडीवर धरली. आम्ही निघालो. गारठलेले इंजिन पहिली काही मिनिटे जरा उंच आवाजात बोलत होते, मग तापमानाचा काटा हळूहळू मधोमध येऊन टेकला आणि आवाज खाली बसला. मोकळा रस्ता लागल्यावर मी दुसऱ्या गिअरमध्ये काटा वर जाऊ दिला. घरघर ताणत गेली, उंचावली आणि पीप वाजला. काकांनी सीटबेल्ट तपासला. मी काही बोलले नाही.

परत येऊन फाटकापुढे, टेम्पोला जागा ठेवून, हातभर पुढे गाडी उभी केली. मी किल्लीला हात घालणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला, काट्याकडे वाकून पाहिले, आणखी थोडा वेळ तसेच थांबले. "आता कर बंद," ते म्हणाले. मी बंद केली. पंख्याचा आवाज आणि तापलेल्या लोखंडाची टिकटिक तेवढी उरली. पिशवी सावरत ते उतरले आणि दार लावताना आत वाकून म्हणाले, "बिघडलेलीच आहे हं पण."

मी झाकण उघडले आणि फडके शोधू लागले.